तेराशे बावीस सालचा ओटा

जुनी पेठ,
रविवार, ता. ९ ऑगस्ट १९९२

तीर्थस्वरूप नागप्पामामा यांच्या पायांवर नागनाथचे डोके, आणि शिवम्मामामींना शरणार्थ.

तुमच्या गुडघ्यांचे कसे काय? मागच्या पत्रात तुम्ही लिहिले होते की उजवा ऐकतो, डावा ऐकत नाही. इकडे आईच्या डोळ्यांचेही तसेच आहे. उजव्याचे ऑपरेशन झाले, डाव्याचे थंडीत करू असे डॉक्टर म्हणतात. त्यामुळे तूर्त ती अर्धी पेठ स्वच्छ पाहते आणि उरलेल्या अर्ध्या पेठेबद्दल आम्हाला विचारते. कापूस गुडघ्याएवढा झाला आहे (गुडघा तुमचा नव्हे, सर्वसाधारण). उदगीरकडे पाऊस कसा आहे ते कळवावे. हे पत्र नुसते खुशालीचे आहे, त्यात काम काही नाही. (हे वाक्य मी तीन वेळा खोडून पुन्हा लिहिले, कारण ते पूर्ण खरे आहे की नाही याची मला खात्री वाटेना. शेवटी राहू दिले. तुम्ही ते तात्पुरते खरे धरावे.)

पेठेत सध्या जे चालले आहे त्याची थोडी हकिगत तुमच्या कानावर आली असेल. ती चुकीची असणार. खरी मी सांगतो, कारण त्यातली पहिली चूक माझी आहे आणि तिच्याबद्दल माझ्याइतकी पक्की माहिती कुणालाच नाही.

मार्चमध्ये आमच्या वाचनालयात एका सरकारी योजनेचे परिपत्रक आले. जिल्ह्यातल्या जुन्या बाजारपेठांचा इतिहास गोळा करायचा आणि तो परभणीला कॉम्प्युटरमध्ये भरायचा. ज्या कचेरीत हे यंत्र आहे तिच्या गच्चीवर एक भली मोठी पांढरी थाळी आभाळाकडे तोंड करून बसवली आहे. इकडे बटण दाबले की त्याच घटकेला मुंबईला आणि दिल्लीला अक्षरे उमटतात. आता ग्रंथपाल म्हटला की त्याला इतिहास येत असणार, आणि मी तर बी.ए.ला इतिहासच घेतला होता. त्यामुळे आपल्या पेठेचे काम माझ्याकडे आले. मी ही गोष्ट पहिल्यांदा तुमच्या धाकट्या बंधूंना, म्हणजे बसप्पामामांना, दुकानात जाऊन सांगितली. ते तराजू खाली ठेवून म्हणाले, "मंजी दिल्लीच्या लोकांना आपलं दुकान दिसंल का?" मी म्हटले, दुकान दिसणार नाही, दुकानाची माहिती दिसेल. ते म्हणाले, "मग गूळ कसा नेतील?" आणि तराजू पुन्हा उचलला. पेठेचा इतिहासातला रस तेव्हा एवढाच होता.

तो वाढला लाल खुणा झाल्यावर. एप्रिलमध्ये रस्ता रुंद करणारे लोक आले, त्यांनी पेठेच्या डाव्या अंगाला फीत लावली आणि नऊ फूट आत भिंतीभिंतीवर लाल रंगाच्या फुल्या मारल्या. म्हणजे डाव्या अंगाचे सगळे ओटे जाणार. माझ्या परिपत्रकाच्या तिसऱ्या पानावर मात्र एक ओळ होती. जे बांधकाम अथवा स्थान शंभर वर्षांहून जुने म्हणून ३१ ऑगस्टपर्यंत यादीत नोंदले जाईल, त्याला धक्का न लावता रस्ता वळसा घालून नेण्यात येईल. ही ओळ मी वाचनालयाच्या फलकावर लावली. (लावली नसती तर बरे झाले असते का, याचा मी विचार केला आहे. नसते.) दुसऱ्या दिवसापासून लोक आपापल्या आजोबांना ट्रंकेतून काढून घेऊन यायला लागले.

प्रत्येक दुकानाचा एक तक्ता भरायचा होता. त्यात नाव, संस्थापक, स्थापनेचे साल, पुरावा आणि चाळीस अक्षरांत महत्त्व. सालाच्या रकान्यात चार घरे. आता तुम्हाला ठाऊकच आहे की आपल्या पेठेत सालाला आकडा नसतो. कुणाचे दुकान मानमोडीच्या साथीच्या साली निघाले, कुणाचे पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी दोन पोळे, आणि एकाचे "आमची थोरली आत्या नांदायला गेली तवा". तिच्या सासरी जाऊन चौकशी केली तर ते म्हणाले, ती नांदलीच नाही. अशा परिस्थितीत बसप्पामामांनी मला ओट्याच्या परवानगीची नक्कल काढून दिली, तेव्हा मला किती हायसे वाटले असेल! उर्दू कागद, निजामाचा शिक्का, आणि निजामाच्या सनातले साल स्पष्ट: तेराशे बावीस फसली. उर्दू मला येत नाही, म्हणून पाथरीला जाऊन निजामी कचेरीतल्या एका जुन्या पेशकारांकडून तो वाचून घेतला. एकदा घाई झाली असे वाटले म्हणून परतीच्या वाटेवरून मागे फिरलो आणि पुन्हा वाचून घेतला. तेव्हा शेवटची एस.टी. चुकली.

मे महिन्यात सगळे तक्ते घेऊन मी परभणीला गेलो. देवगाव फाट्याला दीड तास उभा होतो, ते असो. यंत्राच्या खोलीत चपला बाहेर काढून जावे लागते. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत यंत्राला उकडू नये म्हणून एवढा गारठा की तिथल्या कुसुमबाई अंगात लोकरीचा स्वेटर घालून बसल्या होत्या. त्यांनी वीस वर्षे टाइपरायटरवर काढली आहेत, वय माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी जास्त, आणि यंत्रावर त्यांचा विश्वास सासरच्या माणसावर असतो तेवढाच आहे. मी सांगत गेलो, त्या भरत गेल्या. "साल?" तेराशे बावीस फसली. "घरं चारच हायेत, फसली कुठं बसवू?" मग नुसते तेराशे बावीस. त्यांनी छापील प्रत काढून दिली. मी ती तीन वेळा तपासली. बसप्पामामांच्या नावात एक अक्षर जास्त पडले होते ते दुरुस्त करून घेतले. सालावर तिन्ही वेळा बोट ठेवले, बरोबर आहे म्हटले, सही केली.

मामा, इथे माझा गुन्हा घडला आणि तो मला दिसला नाही. पण मला एकट्यालाच नव्हे. ती प्रत मी पंधरा दिवस फलकावर लावली होती. सगळ्या पेठेने वाचली. ज्या माणसाने जन्मापासून तेराशे सत्तावन म्हणजे रझाकारांचे साल असे ऐकले आहे, त्याला तेराशे बावीस हे कालपरवाचेच वाटणार. त्यात चूक दिसायला माणूस मुंबईचा लागतो. तो जूनमध्ये मिळाला. तिकडून पत्र आले की परभणी जिल्ह्यात इ.स. १३२२ पासून अखंड चालू असलेले किराणा दुकान असल्याचे समजले, ही बाब असाधारण आहे, अधिकारी पाहणीस येतील. मी ते पत्र हातात घेऊन बसलो आणि हिशेब केला. देवगिरीचे राज्य बुडून पुरती पाच वर्षेही झाली नव्हती, आणि तुमच्या आजोबांनी आपल्या पेठेत गूळ-खोबरे मांडले होते!

कबुली द्यायला मी त्याच पावली दुकानात गेलो. मी म्हटले, मामा, माझ्या हातून तुमचे दुकान सहाशे सत्तर वर्षांचे झाले आहे. त्यांनी तराजू खाली ठेवला. मला वाटले, रागावले. मग म्हणाले, "मला वाटायचंच." मी त्यांना फसलीत पाचशे नव्वद मिळवले की इसवी साल येते हे समजावून सांगू लागलो (जणू त्यांना ते ठाऊक नव्हते, ज्या माणसाने तेराशे छप्पनपर्यंत फसलीतच वह्या लिहिल्या!), तर म्हणाले, "नागनाथ, सरकारी मशीन हाय ते. तुज्यापेक्षा जास्त शिकलेलं हाय." आणि चार दिवसांनी पाटी रंगवून घेतली. (पाटीचे नाव काढले की तुमचा रक्तदाब वाढतो असे मामी म्हणतात. ज्या पाटीवर कुणाचे नाव आधी यावे यावरून तुम्ही दोघे भाऊ अकरा वर्षे एकमेकांशी बोललेला नाहीत, ती हीच. तरी तिचे नाव काढणे भाग आहे.) पाटीवर आता ठळक तांबड्या अक्षरांत 'स्थापना १३२२' असे आहे. आधी 'इ.स.' घालायचे चालले होते, तेवढे मी शिडी धरून ठेवून अडवले.

समोरचे कापडवाले बन्सीधर दुसऱ्याच दिवशी आपला कागद घेऊन आले. "आमचं तेराशे दहा हाय. आमी बारा सालांनी थोरले, तसं लिव्हा." कागद हिजरीतला निघाला. हिजरीचा हिशेब आणखी वेगळा, आणि त्या हिशेबाने बन्सीधर खरोखरच बसप्पामामांपेक्षा थोरले ठरतात, पण बारा नव्हे, वीस वर्षांनी. त्यांचे शंभर भरले की नाही ते मात्र महिन्यावर आले, आणि महिना वाळवीने खाल्ला होता. नशिबाने ते उजव्या अंगाला आहेत, त्यांना रस्त्याची भीती नाही. त्यांना फक्त थोरले व्हायचे होते.

जुलैमध्ये मी साल दुरुस्त करायला परभणीला गेलो. कुसुमबाई म्हणाल्या, दुरुस्तीसाठी पुराव्यासह अर्ज लागेल. मी म्हटले, भरताना तर तुम्ही पुरावा पाहिलाही नव्हता. त्या स्वेटरच्या बाह्या ओढत म्हणाल्या, "भाऊ, चूक भरायला पुरावा लागत नाही. काढायला लागतो." मी अर्ज दिला. १३२२ चे १९१२ झाले. परतीच्या वाटेवर मला सत्य बोलल्याचे समाधान साधारण झिरो फाट्यापर्यंत पुरले. मग लक्षात आले की १९१२ म्हणजे ऐंशी वर्षे, आणि ऐंशी म्हणजे शंभर नव्हेत. ज्या ओट्यावर तुम्ही रांगलात, ज्याच्या पायरीवरून पडून माझा पुढचा दात गेला, तो ओटा मी माझ्या सहीने रस्त्यात घातला होता. त्या दिवशीची डायरी चार पाने आहे. तिच्यात निष्कर्ष नाही.

बसप्पामामांना सांगितले तेव्हा ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपे गेले असते. ते म्हणाले की ओटा बांधताना आजोबांनी पुढच्या शहाबादीखाली तारखेचा दगड पुरला होता असे ते ऐकून आहेत, आणि तो १३२२ पेक्षा जुना असणार, कारण कागद नेहमी कामाच्या मागून होतो. "काढा फरशी." मी म्हटले, उद्या इतिहासाच्या दृष्टीने नीट मोजमाप घेऊन काढू. तोपर्यंत त्यांनी पहार आणली होती.

आता ओट्याच्या कोपऱ्यातला तो काळा दगडी खुंट तुम्हाला आठवत असेल. त्याला दोर अडकवून दोरवाली सरजाबाई पीळ देते. ती तिथे किती वर्षे बसते म्हणाल तर मी पाहतो आहे तेव्हापासून. कासरे, दावी, मोरक्या, केरसुण्या, आणि पोळ्याआधीचे पंधरा दिवस उसंत नाही. हा दगड ओट्याचाच भाग आहे असे सगळ्यांसारखे मलाही वाटत होते. फरशी निघाली. तारखेचा दगड नव्हता. होती ती माती, एक फुटकी चिलीम, आणि तो खुंट, जो खाली आणखी दोन हात गेलेला होता. आणि खाली, जिथे ऐंशी वर्षे ओट्याचा भराव होता, तिथे त्या खुंटावर दोराच्या घासण्याच्या खाचा होत्या. वर आहेत तशाच, फक्त खोल. करंगळी बुडेल अशा.

मी मोजपट्टी धरून तिथेच बसलो. ओट्याखाली खाचा, म्हणजे ओट्याच्या आधी दोर; आणि वरच्या ऐंशी वर्षांच्या खाचांहून या खोल, म्हणजे शंभर केव्हाच भरले. यात शंका घ्यायला मी पुष्कळ प्रयत्न केला. सरजाबाई दोर हातात धरूनच आली, वाकून पाहिले आणि म्हणाली, "हे माज्या सासूच्या सासूचं." मी विचारले, कशावरून? "उलट्या अंगानं घासलंय. ती डावरी व्हती. सासू सांगायची." मी पाहिले, खरोखर उलट्या अंगाने होते. बसप्पामामा म्हणाले, "माती टाका." मग थोडे मऊ होऊन तिला म्हणाले, "सरजाबाई, आमी तुला काय कमी केलं का? दर पोळ्याला पाच पोळ्या आन् खण देतोच की. आज्यापासून चालत आलेला धर्म हाय." तुम्हालाही हे माहीत आहे. पोळ्याला दुकान उघडायच्या आधी तुमच्या घरचे ताट त्या दगडापाशी जाते.

सरजाबाई हसली. रागाने नव्हे, एखाद्या लहान पोराला पाढा चुकताना पाहून हसावे तशी. "धरम न्हाई वो सावकार, भाडं हाय ते. तुमच्या आज्यानं ओट्यापायी जागा मागून घेतली माज्या सासूच्या सासूकडं. पाच पोळ्या अन् खण, असं ठरलं व्हतं." बन्सीधर समोरून मोठ्याने म्हणाले, "घ्या! सहाशे सालाचे भाडेकरू!" बसप्पामामा काही बोलायच्या आत सरजाबाईच म्हणाली, "तुमी गप बसा वो शेठ. सावकार, धरम असता तर दंग्याच्या साली चुकला असता. चुकला का? मी लेकीकडं गेल्ते फाट्याच्या पल्याड, एष्ट्या बंद, तरी तुमी सोता बैलगाडी जुपून ताट घेऊन आल्ते. धरमासाठी कुनी येवढं येतंय व्हय?" बसप्पामामांनी पहार भिंतीला टेकवली आणि आत जाऊन गिऱ्हाईक नसताना साखर मोजत बसले.

दंग्याचे साल म्हणजे अठ्ठ्याहत्तर. घरी येऊन मी त्या सालची डायरी काढली. तुम्हाला माहीत आहे, मी मॅट्रिकपासून एक दिवस चुकवलेला नाही आणि त्याचा मला थोडा अभिमान आहे. त्या श्रावणात नामांतरावरून मराठवाडा पेटला होता, आणि मी पानोपान लिहिले आहे. एस.टी. बंद, परीक्षा पुढे ढकलल्या, वाचनालय सहा दिवस बंद, वर्तमानपत्रे आली नाहीत. पोळ्याच्या दिवशी एक ओळ आहे. 'नवा कासरा मिळाला नाही. जुनाच धुऊन घातला.' का मिळाला नाही ते लिहिलेले नाही. दगडापाशी महिनाभर कुणी नव्हते, सरजाबाई कशाच्या भीतीने गेली आणि कोणत्या दिवशी परत आली, यातले काही लिहिलेले नाही. कासरा लिहिला आहे. पुढे-मागे सगळ्या वह्या चाळल्या. बावन्न रुपयांच्या छत्रीचा दांडा मोडल्याची हकिगत दीड पान आहे, आणि सरजाबाईचे नाव एकदाही नाही. परिपत्रक आल्यावर मी पेठेतली एकसष्ट दुकाने मोजली होती. ती त्यात नव्हती, कारण तिला दार नाही. मी तिला वगळले असेही म्हणता येत नाही. वगळायला आधी दिसावे लागते.

दुसऱ्या दिवशी मी बासष्टावा तक्ता घेऊन दगडापाशी बसलो. ती म्हणाली, "मला इतिहास नको भाऊ. दगूड ऱ्हाऊ द्या. त्याबिगर पीळ बसत न्हाई." रस्तावाले तिला म्हणाले होते की तुला बसस्टँडमागे जागा देऊ, ऐसपैस. पण तिथे दगड नाही. दगड नसला तर दोराचे दुसरे टोक धरायला माणूस लागतो, आणि तिला माणूस नाही, एक लेक होती ती नांदायला गेली. म्हणजे जागा गेली तर नुसती जागा जात नाही, काम जाते. तक्त्यात संस्थापकाचे नाव विचारले. ती म्हणाली, "माजं नगं, सासूचं लिवा." मग थांबून म्हणाली, "सासूचं बी नगं, तिच्या बी सासूचं लिवा." तिचे नाव काय? ते तिला ठाऊक नव्हते. डावरी होती, एवढेच ठाऊक. मी ते घर कोरे ठेवले. परभणीला कुसुमबाई म्हणाल्या की यंत्र कोऱ्या घराला पुढे जाऊ देत नाही, आणि माझ्याकडे न पाहता त्यांनी इंग्रजी अक्षरांत भरून टाकले, संस्थापक: सासूची सासू. महत्त्वाच्या चाळीस अक्षरांत मी 'येथे दोर मिळतो' असे लिहिले. त्याहून जास्त लिहिण्याचा मला अधिकार वाटला नाही.

आता गंमत अशी की या बासष्टाव्या तक्त्यावरच सगळे येऊन थांबले आहे. खुंट यादीत गेला तर रस्त्याला त्याला वळसा घालावा लागेल, आणि खुंटाला वळसा घालायचा म्हणजे त्याला चिकटलेल्या ओट्यालाही घालावा लागेल. म्हणजे सरजाबाई राहिली तरच ओटा राहतो. हे मी बसप्पामामांना कागदावर आकृती काढून दाखवले. आकृती त्यांना पटली. पण पुराव्याच्या रकान्यासाठी, पोळ्याचे ताट हे भाडे आहे अशा निवेदनावर सही मागितली तेव्हा म्हणाले, "दोरवालीचे भाडेकरू म्हणून दिल्लीला आमचं नाव जाईल का? ओटा गेला तर जाऊ दे." मी म्हटले, दिल्लीला कुणी वाचत नसेल. ते म्हणाले, "मुंबईवाल्यानं वाचलं की न्हाई?" मी कागद उचलायला हात पुढे केला. आकृती मात्र त्यांनी परत दिली नाही. घडी करून गल्ल्यात ठेवली.

असो. खुशालीच्या पत्रात हे फारच झाले. माझे चुकले कुठे, याचा मी अजून विचार करतो आहे. अठ्ठ्याहत्तरपासून आपल्याकडे एका नावापायी काय काय झाले ते पाहूनही मला सालाचा रकाना किरकोळ वाटला, हे तर नक्कीच चुकले. गुडघ्याला निरगुडीचा पाला शेकत जा. आईने मामींना सांगितले आहे की वाटाण्याच्या डाळीचे पीठ पाठवू नये, इथे मिळते, आणि पाठवले तर थोडे जास्त पाठवावे.

तुमचा भाचा,
नागनाथ

ता. क. पत्रात काम काही नाही असे वर लिहिले आहे, ते आता खरे राहिलेले नाही. कुसुमबाई सांगतात की ज्या स्थानाला कागद नाही, त्याच्यासाठी त्याच पेठेत वाढलेल्या आणि वयाची पंचाहत्तर पुरी झालेल्या माणसाचे सहीचे निवेदन चालते. बसप्पामामा चौऱ्याहत्तर आहेत, म्हणजे त्यांचे मन वळले असते तरी उपयोग नव्हता. (हे मला त्यांच्याशी आठ दिवस वाद घातल्यावर कळले.) पेठेत जन्मलेला, एक्याऐंशी वर्षांचा आणि शुद्धीवर असलेला असा माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि त्याचा डावा गुडघा ऐकत नाही. लहानपणी पोळ्याचे ताट तुम्ही नेत होतात असे आई सांगते. तुमच्या वडिलांनी ताट हातात देताना काय सांगितले होते, धर्म म्हणून दे की ठरलेले आहे म्हणून पोचवून ये, एवढेच लिहून सही करून पाठवा. जे आठवते तेच लिहा, मी एक शब्दही तुमच्या तोंडी घालणार नाही. पण आठवत नसेल तर घाई करू नका. ३१ तारखेपर्यंत पुन्हा आठवून पाहा.

आणखी एक. आज सकाळी वाचनालय उघडायला जाताना पेंटर दुकानापुढे शिडी लावून उभा दिसला. मला वाटले पाटी पुसतो आहे. पुसत नव्हता. 'स्थापना १३२२'च्या पुढे जेमतेम दोन बोटे जागा उरली होती, तिच्यात तो 'फसली' हा शब्द बसवत होता. अक्षर इतके बारीक आहे की रस्त्यावरून दिसत नाही. वाचायचे तर सरजाबाईच्या दगडावर चढावे लागते. मी तिची परवानगी घेऊन चढलो. बरोबर लिहिले आहे.

शेवटचे. बसप्पामामांनी मला बजावले आहे की या पत्राची कल्पना त्यांना नाही, असे मी तुम्हाला कळवावे. त्याप्रमाणे कळवत आहे. पाकीट आणि तिकिटे त्यांनीच आणून दिली, आणि माझ्या अक्षराने पत्र उदगीरला पोचणार नाही म्हणून पत्ताही त्यांनीच लिहिला. त्यामुळे मी वर चार-पाच पानांत जे सांगत बसलो, ते तुम्ही पाकीट फोडायच्या आधीच ओळखले असेल.